पिवळ्या दगडाची चौकशी

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंती जवळून पाहिल्या, तर दोन जातींचे दगड दिसतात. एक करडा, कुर्ल्याचा बेसॉल्ट. दुसरा फिकट पिवळसर, मालाडचा ट्रॅकाइट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत देखणी इमारत उठवायची, तर हा मालाडचा दगड हवाच असायचा. पाथरवटांना त्याची जात हाताला ठाऊक होती. पण जवळजवळ सगळा काळ्या कातळावर बसलेला महाराष्ट्र, त्याच्या एका कडेला हा पिवळा दगड आला कुठून, ही चौकशी दगड फोडणाऱ्यांच्या कामाची नव्हती. पुढे काहींनी त्याच चौकशीवर सगळं आयुष्य काढलं. ते भूरसायनतज्ज्ञ.

या दगडाचा पट्टा मालाडला संपत नाही. मढ, मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी असा साष्टीच्या पश्चिम किनाऱ्याने तो भाईंदरच्या खाडीकडे जातो. गोराई आज लोकांना माहीत आहे ती चौपाटीसाठी, १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डसाठी आणि २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडासाठी. त्या पॅगोडाचा दगड जोधपूरहून आणलेला वालुकाश्म आहे. गोराईचा स्वतःचा दगड मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन आला.

मुंबईच्या खडकांविषयी लिहिण्याची सुरुवात हौशी लोकांनी केली. लष्करी सर्जन हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिलं, आणि १८६६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांचा निबंध आला. त्यांची साधनं म्हणजे हातोडा, होकायंत्र आणि नजर. रंग, कण, थरांचा उतार यांवरून ते खडकाला नाव देत. खडकात सिलिका किती, पोटॅश किती, हे सांगण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती. दख्खनच्या बेसॉल्टचे भरवशाचे रासायनिक आकडे जगापुढे नीट मांडले गेले ते १९२२ मध्ये, आणि तेही अमेरिकेत. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतल्या हेन्री वॉशिंग्टन यांनी ते काम केलं.

या आकड्यांसाठी किती खटाटोप करावा लागे, याची आज कल्पना येणार नाही. खडकाचं पीठ करायचं, सोडियम कार्बोनेटबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवायचं, आम्लात विरघळवायचं. मग सिलिका गाळायची, भाजायची, तोलायची. उरलेल्या द्रावणातून लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं एकेक काढायचं. एका नमुन्यात कित्येक दिवस जात, आणि सगळ्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या आसपास आली नाही की पुन्हा पहिल्यापासून.

मुंबईत या कामाची परंपरा बांधली धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने. तिथले प्राध्यापक आर. एन. सुखेश्वाला आणि कोलंबिया विद्यापीठातले आरी पोल्डरवार्ट यांचा मुंबई परिसरातल्या बेसॉल्टवरचा दीर्घ निबंध १९५८ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी पवईची आयआयटी सुरू झाली आणि त्याच वर्षी बेंगळुरूत जिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. म्हणजे अभ्यास करायला संस्था आणि छापायला व्यासपीठ, दोन्ही एकदमच उभं राहिलं.

झेवियर्सच्याच एस. एफ. सेठना यांनी पुढे साष्टीचा पिवळा पट्टा आपलासा केला. १९७७ मध्ये त्यांनी आणि एच. के. बाटीवाला यांनी साष्टीतल्या आम्लधर्मी खडकांचं रासायनिक वर्गीकरण प्रसिद्ध केलं. काळ्या बेसॉल्टमध्ये सिलिका पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर असते. ट्रॅकाइटमध्ये ती साठीच्या घरात जाते, ऱ्हायोलाइटमध्ये सत्तरी गाठते. एकाच ज्वालामुखी प्रदेशात इतका फरक पडण्याच्या दोन वाटा असू शकतात. एक तर बेसॉल्टचा शिलारस थंड होताना जड खनिजं खाली बसत गेली आणि उरलेला रस सिलिकेने दाटला. किंवा त्या रसाच्या उष्णतेने वरचा जुना खडक वितळला आणि दुसराच रस तयार झाला. या दोन वाटांनी बनलेले दगड डोळ्यांना सारखेच दिसतात. निवाडा करायचा तर मूलद्रव्यांची बारीक मोजदाद आणि समस्थानिकं हवीत. ती मोजणारी यंत्रं मात्र तेव्हा मुंबईत नव्हती.

तोवर सह्याद्रीत मोठं काम सुरू झालं होतं. १९८१ मध्ये सुखेश्वाला आणि आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव यांनी दख्खनच्या ज्वालामुखीवरचा ग्रंथ संपादित केला. झेवियर्स आणि पवई अशा दोन पिढ्या त्यात एकत्र आल्या. मग सुब्बाराव आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातले पीटर हूपर यांच्या गटाने घाटरस्ते धरले. प्रत्येक वळणावर लाव्ह्याचा थर पाहायचा, दगड फोडायचा, क्रमांक घालून पिशवीत टाकायचा. थर दिसायला इतके एकसारखे, की नुसत्या डोळ्यांनी खालचा कुठला आणि वरचा कुठला हे दुसऱ्या घाटात गेल्यावर ओळखू येत नसे. टायटॅनियम, बेरियम, झिरकोनियम यांच्या प्रमाणावरून मात्र ते वेगळे पडले. भूविज्ञानाच्या जागतिक पुस्तकांत जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं लाव्हाथरांची नावं म्हणून गेली ती या आणि अशाच कामांतून. १९८५ आणि १९८६ मधल्या निबंधांनी ही मांडणी पक्की केली.

थरांच्या या यादीत स्ट्रॉन्शियमने फार काम केलं. जुन्या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियमचा ऱ्हास होत होत स्ट्रॉन्शियम ८७ साठत जातं. वर येणाऱ्या लाव्ह्यात तो ग्रॅनाइट मिसळला, तर स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर वाढतं. त्या हिशेबाने बुशे नावाच्या थरांत भूकवचाची भेसळ भरपूर निघाली, तर आंबेनळीचा लाव्हा त्यामानाने निर्भेळ ठरला.

हीच कसोटी मग किनाऱ्यावरच्या पिवळ्या दगडाला लावली गेली. पीटर लाइटफूट, क्रिस हॉक्सवर्थ आणि सेठना यांनी १९८७ मध्ये दख्खनच्या ऱ्हायोलाइट-ट्रॅकाइटमधल्या स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसं यांची समस्थानिकं मोजून निबंध लिहिला. त्या काळातल्या भूरसायनशास्त्राची सगळी गत या एका निबंधात दिसते. दगड आणि तो ओळखणारे सेठना इथले, तर समस्थानिकं मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक इंग्लंडमधला. मुंबईच्या हुशार विद्यार्थ्याला संशोधन करायचं तर परदेशाची वाट, नाहीतर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा.

हा दगड किती जुना, याचं उत्तर पुढे अहमदाबादनेच दिलं. ट्रॅकाइटमध्ये पोटॅशियम भरपूर असतं आणि त्यातल्या पोटॅशियम ४० चा काही भाग अतिशय संथपणे आरगॉन वायूत बदलतो. खडकात अडकलेला हा वायू मोजला की खडकाचं वय निघतं. हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी २००१ मध्ये मुंबईच्या ट्रॅकाइटची वयं प्रसिद्ध केली. ती सुमारे ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षं भरली. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बेसॉल्टही त्याच सुमाराचा निघाला. सह्याद्रीचे मुख्य थर साडेसहा कोटी वर्षांच्या मागचेपुढचे आहेत. म्हणजे घाटावरचा लाव्हा निवल्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी मुंबईच्या किनाऱ्यावर ज्वालामुखी पुन्हा जागा झाला होता. पुढे पवईच्या आयआयटीत याच पद्धतीने वय काढणारी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि पांडे तिथे आले.

गोराईचं नाव निबंधाच्या मथळ्यात आलं २०१२ मध्ये. गिऑर्ग झेल्मर, हेतू शेठ आणि त्यांच्या तैवानमधल्या सहकाऱ्यांनी मनोरी-गोराई भागातल्या खडकांवर लिहिलं. इथे पिवळ्या ट्रॅकाइटमध्ये काळ्या बेसॉल्टचे गोळे अडकलेले सापडतात आणि दोघांच्या सीमेवर मिश्र खडक दिसतो. दोन रस एकाच वेळी पातळ होते आणि पुरते मिसळण्याआधीच थिजले, ही त्याची खूण. खनिजांचे स्फटिक तपासून त्यांनी मांडलं, की खालून आलेल्या तापलेल्या बेसॉल्टच्या रसाने आधी घट्ट झालेल्या ग्रॅनाइटी खडकाला पुन्हा हलवलं आणि वर ढकललं. पिवळ्या दगडाच्या पट्ट्याच्या जन्माची ही बारीक हकीकत होती.

गोराईच्या नावाशी या विद्येचं दुसरंही नातं आहे, आणि ते लाव्ह्याचं नाही. खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर महापालिकेची गोराई कचराभूमी १९७२ पासून चालू होती. २००७ मध्ये ती बंद केली, तेव्हा १९.६ हेक्टरवर सुमारे २३ लाख टन कचऱ्याचा डोंगर झाला होता. असा डोंगर म्हणजे एक रासायनिक भट्टीच. हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि पावसाचं पाणी झिरपताना जड धातू, अमोनिया, क्षार घेऊन खाली उतरतं. डोंगराला उतार देऊन तो झाकला, वायू नळ्यांनी गोळा करून जाळण्याची सोय केली. कार्बन पत मिळवणारा असा प्रकल्प म्हणून तो देशात गाजला. झिरपलेल्या पाण्यात काय आहे, खारफुटीच्या चिखलात शिसं आणि क्रोमियम किती साठलं, ही मोजमापं त्याच यंत्रांवर होतात, ज्यांवर ट्रॅकाइट तपासला जातो.

आज या विद्येत शिरणाऱ्यांपुढच्या वाटा पाहिल्या की हा दुसरा धागा किती जाड झाला आहे ते कळतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिक आणि रसायनज्ञ या दोन्ही जागा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. केंद्रीय भूजल मंडळाचे शास्त्रज्ञही त्याच परीक्षेतून येतात. सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूरासायनिक नकाशासाठी देशभर ओढ्यांतला गाळ चौकटी आखून गोळा केला जातो आणि त्यात साठच्या घरात मूलद्रव्यं मोजतात. युरेनियम आणि दुर्मिळ मृदा धातूंसाठी हैदराबादचं अणुखनिज संचालनालय स्वतंत्र भरती करतं. खाडी आणि किनाऱ्याच्या पाण्यावर काम करायचं तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र अंधेरीतच, चार बंगल्यावर आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. तेव्हापासून लिथियम, कोबाल्ट, दुर्मिळ मृदा धातू शोधणाऱ्यांना मागणी वाढते आहे. पण दख्खनचा बेसॉल्ट या बाबतीत हात आखडूनच आहे. महाराष्ट्राची धातुखनिजं मुख्यतः लाव्ह्याने न झाकलेल्या पूर्वेकडच्या जुन्या खडकांत आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज, गडचिरोलीत लोखंड. त्यामुळे गोराईच्या किनाऱ्यावर हातोडा चालवायला शिकलेला विद्यार्थी संशोधनात टिकला तर पवईत किंवा परदेशात दिसतो. नोकरीला लागला, तर तो बहुधा विदर्भातल्या खाणीच्या प्रयोगशाळेत, राजस्थान-कर्नाटकातल्या शोधमोहिमेवर, नाहीतर एखाद्या शहराच्या कचराभूमीखालच्या विहिरींचं पाणी तपासताना भेटतो.