पदवी हाती आली, पुढे काय?

निकाल लागले की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न कानावर येतो, 'मुलगा पदवीधर झाला, आता पुढे काय?' आई-वडिलांना वाटतं, ही काळजी आजच्या जमान्याची. मी इतिहासाचा विद्यार्थी. हा प्रश्न ऐकला की मला १८६२ साल आठवतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. किती? अवघे चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आपल्याला वाटेल, साऱ्या इलाख्यात चारच पदवीधर, म्हणजे सरकारने पायघड्याच घातल्या असतील. नोकऱ्या मिळाल्या, हे खरं. पण पहिली काही वर्षं त्यांनाही चाचपडावं लागलं.

भांडारकरांचंच पाहा. त्यांची गोडी गणिताची. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी सुचवलं म्हणून ते संस्कृतकडे वळले. हे जमलं ते 'दक्षिणा फेलो' नेमले गेल्यामुळे. पेशवाईत विद्वानांना श्रावणात दक्षिणा मिळे. त्या निधीतला काही भाग पुढे सरकारने अशा शिष्यवृत्तींकडे वळवला होता. फेलोने स्वतः अभ्यास करायचा आणि खालच्या वर्गांना शिकवायचं. शिकणं आणि कमावणं यांना जोडणारा तो एक साकवच होता. पुढे भांडारकर सिंधमधल्या हैदराबादेत हेडमास्तर झाले, मग रत्नागिरीस आले. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी संस्कृतची जी पाठ्यपुस्तकं लिहिली, त्यांवर पुढे कित्येक पिढ्या शिकल्या. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी हंगामी प्राध्यापक म्हणून शिकवलं. पण १८७३ मध्ये ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना मिळाली. डेक्कन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक म्हणून स्थिरावले, तेव्हा पदवीला जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

रानड्यांची वाट तर आणखी वळणांची. १८६६ मध्ये ते एलएल. बी. झाले. त्याच वर्षी शिक्षणखात्यात हंगामी मराठी भाषांतरकार. नंतर अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, पुन्हा मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक आणि १८७१ मध्ये पुण्याला सबजज्ज. पाच वर्षांत पाच ठिकाणं! आजच्या एखाद्या मुलाने असं केलं तर आपण म्हणू, 'याचं काही धड नाही.'

पण ही हकीकत एवढ्यावर संपत नाही. १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले. वय फक्त ४३. त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले आणि विद्यापीठाचं कुलगुरुपद भांडारकरांकडे आलं. एकाच वर्गातून बाहेर पडलेले हे दोन मित्र आता सर्वोच्च जागांवर होते. मागे वळून पाहताना त्यांना काय दिसलं? आपल्यामागून आलेले किती तरी पदवीधर भर उमेदीत गेले होते. १८९४ मध्ये रानड्यांनी या विषयावर निबंधच लिहिला. विषय होता पदवीधरांमधल्या अकाली मृत्यूंची कारणं.

रानड्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही, हिशोब मांडला. हिंदू पदवीधरांच्या मानाने पारशी पदवीधरांत असे मृत्यू कमी आहेत, हे त्यांनी दाखवलं आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखवलं. आपल्याच विद्यापीठाला असा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. ज्या पदवीचा ते स्वतः पहिला मान होते, तिची किंमत पोरं कशात मोजताहेत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्या काळच्या गरीब विद्यार्थ्याचे हाल आठवायचे तर गोपाळ गणेश आगरकर डोळ्यांपुढे येतात. एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, अशी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांची आठवण सांगतात. एम. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी शाळामास्तरकी पत्करली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये ते गेले. वय ३८. रानड्यांच्या निबंधाला जेमतेम वर्ष झालं होतं.

विद्यापीठांच्या दफ्तरांत किती बसले, किती पास झाले, याचे आकडे चोख सापडतात. पदवीदान समारंभानंतर त्या मुलांचं काय झालं, हे शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. आज कॉलेजांच्या जाहिरातींत पहिल्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. त्यानंतरच्या दहा वर्षांत तो मुलगा कुठे पोहोचला, त्याची तब्येत कशी आहे, घरचं ओझं किती आहे, हे कुणी विचारत नाही. रानड्यांनी ते विचारलं होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आई-वडिलांना मी एवढंच सांगतो, पहिली नोकरी मनासारखी नसेल तर घाबरू नका. भांडारकरही वीस वर्षं वाट पाहत होते. मात्र त्या वर्षांत मुलगा एकटा पडणार नाही, एवढं बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)