टाकी, माती आणि माणूस

भिवंडीतल्या आमच्या जुन्या घरामागे परस होतं. मोरीचं पाणी, वजूचं पाणी तिथल्या अळूला आणि केळीला जायचं. माती ते मुकाट्यानं पिऊन टाकायची.

संडासाची गोष्ट निराळी. तो टोपलीचा. ती टोपली डोक्यावरून वाहणारा माणूस मागच्या दारानं यायचा आणि मागच्या दारानंच जायचा.

ही टोपली हटवू शकेल असा शोध कधीच लागला होता. फ्रान्समधल्या मुरास यांनी १८८१ साली मैल्याच्या बंद टाकीचं पेटंट घेतलं. १८९५ साली इंग्लंडमधल्या एक्झेटर शहराचे अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सुधारित टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं. लगोलग, १८९७ साली, आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमातल्या टाक्यांमधला वायू साठवून त्यावर इंजिन चालवलं गेलं. समाजानं दूर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीत हा प्रयोग झाला, हे विसरू नये.

टाकीत होतं काय? जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर येते. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ कुजवतात. मधलं पाणी बाहेर पडतं. पण ते शुद्ध नसतं, रोगजंतू त्यात असतातच. पुढचं काम मातीचं. शोषखड्ड्यातून पाणी हळूहळू झिरपतं, माती ते गाळते आणि मातीतले जिवाणू उरलेली घाण संपवतात. म्हणजे टाकीचं काम अर्धंच.

आपण टाकी घेतली, माती मात्र विसरलो. यंत्रमाग वाढले, चाळीला चाळ भिडली, परसावर फरशी आली. शोषखड्ड्याला जागाच उरली नाही. मग टाकीचं पाणी उघड्या गटारात, आणि गटार कामवारी नदीकडे.

गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. बंद टाकीतल्या विषारी वायूनं आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला गेलेलाही. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणंही गुन्हा ठरवलं. तरी माणसं मरतातच.

टोपली गेली, तो माणूस मात्र अजून खाली उतरतोच आहे. पुढच्या वेळी आपल्या चाळीची टाकी भरेल, तेव्हा उपसा करणारी गाडीच बोलवा. स्वस्तात उतरणारा माणूस शोधू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)