शिबाम : मातीच्या उंच घरांचे शहर

येमेनच्या पूर्वेकडील हद्रामौत खोऱ्यात, सैऊन या शहराच्या पश्चिमेस, शिबाम हे तटबंदीने वेढलेले एक लहानसे प्राचीन शहर आहे. दोन्ही बाजूंना उघडे-बोडके कडे, मधून बहुतांश काळ कोरडे असणारे नदीपात्र, खजुरांच्या बागा आणि एका उंचवट्यावर परस्परांना खेटून उभे असलेले सुमारे ५०० मनोरे, असे त्याचे दुरून दिसणारे रूप आहे. हे मनोरे मशिदीचे मिनार नव्हेत, किल्ल्याचे बुरूजही नव्हेत. ती राहती घरे आहेत. पाच ते सात मजल्यांची ही घरे उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांनी बांधलेली असून त्यांपैकी सर्वांत उंच घराची उंची ३० मीटरच्या आसपास भरते. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संघटनेने १९८२ मध्ये या शहराचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

शिबामला 'वाळवंटातील मॅनहॅटन' असे म्हटले जाते. पर्यटनाच्या पुस्तिकांना हे नाव सोयीचे असले, तरी ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. न्यूयॉर्कच्या उंच इमारतीत शेकडो बिऱ्हाडे असतात; शिबाममध्ये तळापासून गच्चीपर्यंत एक घर एकाच कुटुंबाचे असते. वाडा जसा चौकांनी पसरत जातो, तसे हे घर मजल्यांनी वर चढत जाते. तळमजल्याला खिडक्या नसतात. तेथे धान्य आणि अवजारे ठेवण्याची, तसेच शेळ्या-मेंढ्या बांधण्याची सोय असते. त्यावरच्या मजल्यावर पुरुषांची बैठक असते. कोरीव लाकडी खांबांची ही खोली पाहुण्यांसाठी असल्याने घरातील सर्वांत देखणी असते. त्याहून वर स्वयंपाकघर, स्त्रियांच्या व मुलाबाळांच्या खोल्या आणि अखेरीस गच्ची. काही शेजारच्या घरांना वरच्या मजल्यांवर जोडणारे दरवाजे व पूल आहेत. शत्रूने वेढा घातल्यास त्यांचा उपयोग होत असेच, परंतु एरवीही स्त्रियांना आणि वृद्धांना जिने न उतरता शेजारी जाता येत असे. आम्हांस या घरांतील ही सोय त्यांच्या उंचीपेक्षाही अधिक कौतुकाची वाटते.

एवढी उंची मातीला कशी पेलवते, या प्रश्नाचे उत्तर भिंतींच्या जाडीत आहे. माती, पाणी आणि बारीक केलेला पेंढा कालवून साच्यातून विटा पाडल्या जातात व त्या अनेक दिवस उन्हात वाळविल्या जातात. खालच्या मजल्यांच्या भिंती अतिशय जाड ठेवून वर जाताना त्या क्रमाक्रमाने पातळ केल्या जातात, त्यामुळे वरचा भार कमी होतो आणि घर बाहेरून किंचित निमुळते दिसते. खिडक्या-दरवाजांसाठी बोरीच्या जातीच्या, तेथे 'इल्ब' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे टणक लाकूड वापरतात. गच्ची आणि वरच्या मजल्यांना चुन्याचा पांढराशुभ्र गिलावा असतो. तो शोभेसाठी असल्याचा समज पाहणाऱ्याचा होतो. प्रत्यक्षात पावसाचे पाणी भिंतीत मुरू नये, यासाठी तो दिलेला असतो.

उंच बांधण्याचे कारणही परिस्थितीतच होते. तटाच्या आत जागा मर्यादित, तटाबाहेर भटक्या टोळ्यांच्या हल्ल्याचे भय, आणि खोऱ्यातील लागवडीयोग्य जमीन घरांसाठी घालविणे कोणासही परवडणारे नव्हते. पावसाळी पुराचे पाणी बांध घालून शेतात वळवायचे, त्याबरोबर आलेला गाळ साठू द्यायचा आणि त्याच मातीच्या विटा करायच्या, अशी येथील जुनी व्यवस्था आहे. जो पूर घराची माती आणतो, तोच घर घेऊनही जातो. १५३२-३३ च्या महापुरात शहराचा मोठा भाग नष्ट झाला. आज दिसणारी रचना प्रामुख्याने त्यानंतरची आहे. इ. स. ९०४ मधील जुम्मा मशीद आणि १२२० मधील किल्ला या त्यापूर्वीच्या वास्तू होत. वस्ती अर्थातच याहून कितीतरी जुनी असून, धूप व लोबान यांच्या प्राचीन व्यापारमार्गावर शिबामचे स्थान महत्त्वाचे होते.

या रुक्ष खोऱ्यात एवढी घरे उभी करण्यास पैसा कोठून आला, याचा शोध घेतल्यास भारतीय वाचकास एक परिचित नाव भेटते. हद्रामौतचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी समुद्रापार जात आले आहेत. पूर्व आफ्रिका, जावा, सिंगापूर आणि हैदराबाद ही त्यांची ठिकाणे. निजामाच्या फौजेतील अरब जमादार उमर बिन अवद अल-कुऐती यांनी हैदराबादेत मिळविलेल्या संपत्तीच्या बळावर त्यांच्या घराण्याने मायदेशी सत्ता उभारली. १८५८ मध्ये शिबाम या घराण्याच्या ताब्यात आले आणि कुऐती सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. हैदराबादेतील बारकस ही वस्ती, तसेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातील 'चाऊस' आडनावाची अरब कुटुंबे याच स्थलांतराची आठवण देतात.

शिबामपुढील आजचा प्रश्न मात्र कौतुकाने सुटणारा नाही. मातीच्या घराला सतत निगा लागते. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्याच्या घरावर पांढरी माती पसरणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. गिलाव्याला तडा गेला आणि तो वेळीच बुजविला नाही, तर पाणी आत शिरते व काही वर्षांत भिंत बसते. म्हणजेच ज्या घरात कोणी राहत नाही, ते घर फार काळ उभे राहत नाही. नळाचे पाणी घरोघरी आले तेव्हा सांडपाण्याचा योग्य निचरा झाला नाही आणि ओलीने पाये कमकुवत झाले. काही कुटुंबांनी नदीपात्रापलीकडे नवी घरे बांधली. जुन्या घराची डागडुजी करण्यापेक्षा सिमेंटचे बांधकाम अनेकांना सुटसुटीत वाटले.

या पडझडीला आवर घालण्यासाठी २००० पासून येमेन सरकार आणि जर्मनीची तांत्रिक सहकार्य संस्था यांनी एक प्रकल्प राबविला. त्यात घरे ताब्यात घेऊन त्यांचे संग्रहालय करण्याऐवजी राहणाऱ्या मालकालाच दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग देण्यात आला आणि काम स्थानिक गवंड्यांकडून करवून घेण्यात आले. या कार्यास २००७ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००८ मध्ये, हद्रामौतमध्ये आलेल्या पुराने शंभराहून अधिक बळी घेतले आणि शिबामलाही तडाखा दिला. मार्च २००९ मध्ये शहराजवळ झालेल्या बॉम्बस्फोटात दक्षिण कोरियाचे चार पर्यटक ठार झाले. त्यानंतर पर्यटन ओसरले. येमेनमधील युद्ध भडकल्यानंतर, २०१५ मध्ये, युनेस्कोने शिबामची नोंद धोक्यातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत केली.

युरोपीय संघाच्या अर्थसाह्याने युनेस्कोने २०१८ पासून साना, झबीद, एडन आणि शिबाम येथे रोजंदारीवर तरुणांना काम देणारी योजना सुरू केली. ऐतिहासिक घरांची दुरुस्ती हा तिचा एक भाग होता. विटा पाडणे, तडे बुजविणे आणि चुन्याचा लेप चढविणे ही जुन्या गवंड्यांच्या हातातली कामे त्यांच्याच देखरेखीखाली ही मुले शिकू लागली.