शब्दांविना मोजलेली बुद्धी

गाळप हंगाम सुरू झाला, की बारामती-इंदापूरच्या कालव्याकाठी ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीतले मूल जवळच्या शाळेत येते आणि बागायतदाराच्या मुलाशेजारी बसते. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी आपण फळ्यावर आकृत्यांची मालिका काढतो व दोघांनाही विचारतो, ‘पुढची आकृती कोणती?’ यात भाषेचा अडसर नाही, म्हणजे चाचणी दोघांना सारखीच, असे आपल्याला वाटते. हा समज कितपत खरा आहे?

फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी १९०५ साली तयार केलेली चाचणी बरीचशी शब्दांवर अवलंबून होती. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. पण परीक्षकाची भाषाच ज्याला येत नाही, त्याचे काय? अमेरिकेच्या सैन्याने १९१७ मध्ये अशांसाठी ‘आर्मी बीटा’ ही चाचणी वापरली. तिच्या एका भागात चित्रात काय राहिले आहे ते ओळखायचे होते. एक चित्र टेनिसच्या मैदानाचे होते. त्यात जाळे नव्हते. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याला ते कसे सुचावे?

म्हणून इंग्लंडमध्ये जॉन रेव्हन यांनी १९३८ साली ओळखीच्या वस्तूही वगळल्या आणि केवळ आकृतिबंध ठेवले. भारतात सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे, आकृत्या वगैरेंची कृतिचाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात साक्षर व निरक्षर मुलांसाठी प्रमाणके वेगवेगळी होती. म्हणजे शाळेचा परिणाम ठोकळ्यांवरही होतो, हे त्यांनी गृहीत धरले होते.

पुढे १९८७ मध्ये जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांची आकडेवारी मांडली. नेदरलँड्समधील तरुणांचे रेव्हन-धर्तीच्या चाचणीतील गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० बुद्ध्यंकांनी वाढले होते. इतक्या थोड्या काळात आनुवंशिकता बदलत नाही. बदलते ती परिस्थिती.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. उसाचा वजनकाटा दर वेळी १०० किलो कमीच दाखवत असेल, तर त्याची नोंद सातत्याची आहे, पण खरी नाही. सातत्य म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता. चाचणी पुन्हा घेतली तरी तेवढेच गुण पडले, एवढ्यावरून ती सर्व मुलांना न्याय देते असे सिद्ध होत नाही.

मग शिक्षकाने काय करावे? आधी दोन-चार नमुने मुलांकडून सोडवून घ्यावेत, आकृत्या कागदातून कापून हाताळू द्याव्यात, काही दिवसांनी पुन्हा पाहावे. गुण वाढले, तर कमी होता तो सराव. आई-बापाने बांधलेल्या मोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या मुलीला एका कागदावरून ‘मठ्ठ’ ठरवण्यापूर्वी एवढी तपासणी आपण करायलाच हवी.