हायरूलची सनावळी

परवा नातू निन्टेन्डोच्या 'लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेमबद्दल सांगत होता. पहिला खेळ १९८६ चा, पण नंतर आलेल्या काही खेळांची गोष्ट त्याच्याही आधीच्या काळात घडते. मग हायरूल राज्याचा इतिहास लावायचा कसा? चाहते वर्षानुवर्षं भांडले. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये अधिकृत सनावळीचं पुस्तक निघालं. १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम'नंतर इतिहासाला तीन फाटे फुटतात, आणि एकात चक्क नायक हरतो!

वाद मिटला? छे! २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा फाटा कोणता, ते कंपनीने सांगितलंच नाही. चाहत्यांनी त्यातलं पडकं देऊळसुद्धा पुरावा म्हणून पुढे केलं. २०२३ च्या पुढच्या भागात राज्याची स्थापना दिसली, तर ती पहिली की दुसरी, यावरून पुन्हा जुंपली.

"आजोबा, तुमच्या वर्गात अशी भांडणं व्हायची?"

नाही व्हायची. मी सनावळ्या घोकून घेतल्या, 'पुरावा काय?' हे विचारायला कधी शिकवलं नाही. मुलं पास झाली. इतिहास शिकली का, हे आता मनाला खातं.

असो. उद्या नातू मला ते पडकं देऊळ दाखवणार आहे.