सी. एन. आर. राव : ऊर्जासाठवण, उत्प्रेरक आणि संवेदकांवरील संशोधन

चिंतामणी नागेश रामचंद्र राव (जन्म : ३० जून १९३४, बेंगळुरू) हे घन-अवस्था रसायनशास्त्रातील अग्रगण्य भारतीय शास्त्रज्ञ. २०१४ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. पदार्थाच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या क्रिया हा त्यांच्या ऊर्जाविषयक संशोधनाचा गाभा होय.

सुपरकॅपॅसिटरमध्ये विद्युतभार प्रामुख्याने इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर साठतो. त्यामुळे तो झटपट भारित होतो, परंतु बॅटरीइतकी ऊर्जा त्यात मावत नाही. यासाठी पृष्ठभाग विस्तृत हवा आणि म्हणूनच एका अणूइतक्या जाडीच्या ग्राफीनचे महत्त्व. राव व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ग्राफीनच्या इलेक्ट्रोडांपासून सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात दर ग्रॅममागे ११७ फॅरडपर्यंत धारकता मिळविली. आयनी द्रवात धारकता ७५ फॅरडवर आली, मात्र ३.५ व्होल्टपर्यंत काम करता आल्याने दर किलोग्रॅममागे ३१.९ वॉट-तास ऊर्जा साठविता आली.

हायड्रोजननिर्मितीत प्लॅटिनम उत्तम उत्प्रेरक ठरते, पण ते महाग व दुर्मीळ. त्यास पर्याय म्हणून या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे धातुगुणी एकस्तरीय रूप वापरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दृश्य प्रकाशात हायड्रोजन वेगाने मिळाला. अर्थात, त्यात इलेक्ट्रॉन पुरविणारे रसायन खर्ची पडते. त्यामुळे याला स्वस्त इंधन म्हणणे घाईचे ठरेल.

हायड्रोजन रंगहीन, गंधहीन आणि ज्वालाग्राही असल्याने त्याची गळती ओळखणेही तितकेच निकडीचे. झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांवरील ऑक्सिजनशी या वायूची अभिक्रिया होताच तारांचा विद्युतरोध घटतो. राव यांच्या गटाने २००६ मध्ये याच तत्त्वावर हायड्रोजन व इथेनॉलचे संवेदक तयार केले.