बाईले काय समजते सिनेमातलं?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग जरा पाय पसरून गप्पा सुरू होतात. कोणी रात्री मोबाइलवर पाहिलेल्या भुताच्या सिनेमाचं सांगते. कोणी म्हणते, फायनलमध्ये हरमनप्रीतनं मागं पळत पळत तो शेवटचा झेल काय घेतला माय! आणि नेमकं त्याच वेळी ओसरीवरून एखादे भाऊ हमखास विचारतात, "बाईले काय समजते सिनेमातलं अन् क्रिकेटातलं?" आज आम्ही या प्रश्नाच्याच मागं जाणार आहोत. प्रश्न जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या वऱ्हाडातूनच जातो.

सुरुवात अमरावतीपासून करू. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. 'सी. पी. अँड बेरार' हे नाव नकाशावरून पुसलं गेलं, पण सिनेमाच्या धंद्यात ते मेलं नाही. हिंदी सिनेमाचे हक्क भागाभागानं विकले जातात. त्यातल्या एका भागाला व्यापारी अजूनही 'सी. पी. बेरार' म्हणतात, आणि त्या भागाच्या वितरकांचं अमरावती हे एक मोठं ठाणं. रिळांच्या पेट्या तिथं यायच्या आणि तिथून गावोगावच्या टॉकीजमध्ये, जत्रेतल्या तंबूत जायच्या. कोणत्या गावात कोणता सिनेमा चालेल याचा अंदाज बांधणं हाच या लोकांचा धंदा. आता त्या अंदाजात बाई कुठं होती, ते पाहू.

तंबूत ती एका बाजूला होती. मधात दोरी किंवा कापड; इकडं बाया, तिकडं माणसं. खाली जमीन, बसायला घरून आणलेलं पोतं. काही तंबूंत पडद्याच्या मागूनही सिनेमा दिसायचा, फक्त अक्षरं उलटी आणि नायक डावखुरा. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात की सिनेमाला जायला घरून परवानगी मिळे ती एकाच अटीवर: सिनेमा देवाचा पाहिजे. देवाचा नसला तर रडण्याचा तरी. म्हणजे बाईनं पाहायचं ते पुण्यासाठी, नाही तर दुःखासाठी. निव्वळ मजेसाठी, आणि त्यातही भिण्याच्या मजेसाठी, बाईनं पैसे द्यावेत ही गोष्टच कोणाच्या डोक्यात बसत नव्हती.

पडद्यावरही बाईला उशिराच जागा मिळाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. त्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी आल्या. तारामती पुरुष होता हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणून तर एवढी सोशीक दाखवली!" असो.

देवाच्या सिनेमाचं बायांनी काय केलं ते साऱ्या देशानं पाहिलं. १९७५ साली 'शोले' आणि 'दीवार' आले, त्याच वर्षी थोड्या पैशांत काढलेला 'जय संतोषी माँ' आला. बाया चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये जात, पडद्यावर फुलं-पैसे टाकत. व्यापाऱ्यांनी ज्या सिनेमाला गणलंच नव्हतं तो त्या वर्षीच्या मोठ्या कमाईच्या सिनेमांत जाऊन बसला. मग १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. मूळ गोष्ट राजस्थानी सिनेमाची, पण अलका कुबल रडली की इथल्या बाया रडायच्या. बैलगाड्या जुंपून बाया पाहायला गेल्या. त्या सिनेमाला शहाण्या लोकांनी नावं ठेवली. आमच्याही गटात त्यावर दोन मतं आहेत. काहींना तो अजून आवडतो. काहींचं म्हणणं असं, की एवढं सोसणारी सून दाखवून सासूचंच फावलं. पण एक गोष्ट त्या दोन सिनेमांनी पक्की केली. बायांनी ठरवलं की पेटी भरते.

आता भुताच्या सिनेमाकडं येऊ, कारण खरी गंमत आणि खरी जखम तिथं आहे.

हिंदीत भुताचा सिनेमा म्हटला की रामसे बंधू. सात भाऊ. १९७२ साली 'दो गज ज़मीन के नीचे', १९८४ साली 'पुराना मंदिर', १९८८ साली 'वीराना'. जुनी हवेली, करकरणारं दार, धूर, कंदील. हे सिनेमे मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांच्या टॉकीजवर जगले. बायांनी ते पाहिले ते बहुतेक नंतर, व्हिडिओवर आणि टीव्हीवर, पदराआडून. 'पुराना मंदिर'ची गोष्ट आठवा. सामरी नावाचा राक्षसी माणूस राजाच्या घराण्याला शाप देतो, की या घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. माणसांना त्या सिनेमातला सामरीचा चेहरा आठवतो. आम्हाला तो शाप आठवतो. तो आम्हाला खोटा वाटलाच नाही. आपल्या आयांच्या पिढीत अशी कोणती आळी होती की जिथं एखादी बाई बाळंतपणात गेली नाही?

आणि गेलेल्या बाईचं गावानं काय केलं? तिची हडळ केली. बाळंतपणात किंवा ओल्या बाळंतपणात बाई मेली की ती हडळ होते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. कुठं तिला अळवंत म्हणतात. विहिरीवर बसते, केस मोकळे सोडते, पाय उलटे. तिच्या वाटेनं जाऊ नका म्हणून पोरांना सांगतात. आमचं मत आम्ही इथं स्पष्ट सांगतो: ही जगातली सगळ्यात वाईट भयकथा आहे, कारण तिच्यात मेलेल्या बाईलाच गुन्हेगार ठरवलं आहे. दवाखाना वीस कोस होता, गाडी नव्हती, रक्त थांबत नव्हतं, कोवळ्या वयात लग्न लावलं होतं. यातलं काहीच कथेत येत नाही. येतात ते फक्त उलटे पाय. ज्या घरानं तिला वेळेत दवाखान्यात नेलं नाही, ते घर तिच्या नावानं नारळ फोडून मोकळं होतं.

हा शाप उतरवला तो मांत्रिकानं उतरवला नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी धावू लागली. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी मोजणीत महाराष्ट्रात दर एक लाख बाळंतपणांमागं ३३ आया दगावल्या, साऱ्या देशात ९७. आकडा खाली आला आहे. तरी मेळघाटात, चिखलदरा-धारणीच्या पाड्यांवर, पावसाळ्यात रस्ता तुटला की बाईचा जीव अजून टांगणीला लागतो. तिथं भुताची भीती कोणाला परवडते?

म्हणून २०१७ सालचा 'लपाछपी' आम्हाला वेगळा वाटला. विशाल फुरियांचा सिनेमा, पूजा सावंत त्यात गरोदर बाई आहे. कर्जापायी नवरा-बायको शहरातून पळून उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहतात. घरात तुळसाबाई आहे, ते काम उषा नाईकांनी केलं. फडात पोरांचे आवाज येतात. हळूहळू कळतं की भूत ज्याला म्हणतो ते त्या घरानं केलेलं पाप आहे, आणि त्या पापाचा संबंध मुलीच्या जिवाशी आहे. पुढं त्याच दिग्दर्शकानं २०२१ साली तो हिंदीत 'छोरी' नावानं काढला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. दहा वर्षं आधी त्या ९१३ होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४ चा. कायदा असून मुली कमी झाल्या. ज्या मुली आल्याच नाहीत त्यांचे आवाज उसात येतात, हे दाखवायला सिनेमाच लागला. शेवटी मारामारी जरा लांबली, हेही आम्ही सांगून टाकतो.

'झपाटलेला'तला तात्या विंचू आम्हाला आवडतो, पोरांना तर फारच. १९९३ चा सिनेमा अजून टीव्हीवर लागला की घर गोळा होतं. बाहुल्याला भिण्यात कोणाचं नुकसान नाही. नुकसान होतं ते सिनेमातली चेटकीण गावात शोधली जाते तेव्हा. एकटी राहणारी, विधवा, जमिनीचा तुकडा नावावर असलेली म्हातारी बहुतेक या शोधात सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईवर करणी केल्याचा आळ घेऊन तिला छळणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. हे ध्यानात ठेवा, कामी येतं. आपल्या अंजनगाव सुर्जीकडचे गाडगेबाबा हेच खराट्यानं सांगत फिरले. त्यांच्यावरच्या १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला'त डॉ. श्रीराम लागू बाबा झाले होते. देव न मानणारा नट, आणि काम असं की म्हाताऱ्यांनी पडद्याला हात जोडले.

आता क्रिकेटवाल्या भाऊंकडं वळू. अमरावतीचं मैदानाशी नातं जुनं आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलं. १९३६ साली तिथलं पथक थेट बर्लिनला गेलं आणि ऑलिंपिकच्या वेळी आपली हुतुतू तिथं खेळून दाखवली. आज त्या मंडळात मुलीही घाम गाळतात. पण गावच्या मैदानावर मुलीला पोचायला अजून वेळ लागतो. शाळा सुटली की पोट्टे मैदानात, पोरी हंड्याला.

बायांच्या क्रिकेटचंही तसंच झालं. १९७३ साली पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तीन संघ होते. त्या काळातल्या खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून जात, सतरंजीवर झोपत. १९७६ साली शांता रंगास्वामींच्या संघानं पाटण्यात वेस्ट इंडीजला हरवलं. २०१७ साली लॉर्ड्सवर फायनल नऊ धावांनी गेली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक आणला. पन्नास वर्षं लागली.

आता एक प्रश्न आमचा, भाऊंना. अमरावतीच्या जितेश शर्माचं नाव तुम्हाला माहीत आहे. २०२५ च्या आयपीएलमध्ये लखनऊविरुद्ध त्यानं ३३ चेंडूंत ८५ केल्या तेव्हा गावागावात फटाके फुटले. फुटायलाच पाहिजेत, आपला पोरगा आहे. तो भारताकडून पहिला सामना खेळला ऑक्टोबर २०२३ मध्ये. मग त्याच्या साडेचार वर्षं आधी, मार्च २०१९ मध्ये, अमरावतीचीच कोण भारताकडून इंग्लंडविरुद्ध गुवाहाटीला खेळली? भारती फुलमाळी. पुढं ती महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून खेळली. हा प्रश्न आम्ही चार गावांत विचारला. पानटपरीवर कोणाला सांगता आलं नाही. शाळेतल्या दोन पोरींनी सांगितलं.

पैशाचीही गोष्ट करू, कारण आम्हाला हिशेब समजतो. २०२२ साली क्रिकेट मंडळानं ठरवलं की भारताकडून खेळणाऱ्या बाई-माणसाला सामन्याची फी सारखी: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ साली महिलांची लीग सुरू झाली. लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. पुढच्या वर्षी पुरुषांच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी. आमच्यातली एक निंदणाला जाणारी बाई हे ऐकून म्हणाली, "मंग आपल्यासारखंच हाय की. डवऱ्यामागच्या माणसाले जास्त, वाकून निंदणारीले कमी." समान कामाला समान मजुरीचा कायदा देशात १९७६ साली झाला. शांता रंगास्वामींनी पाटण्यात सामना जिंकला, तेच साल.

पुढच्या शनिवारी याच वेळी आम्ही तंबू सिनेमाच्या आठवणी लावणार आहोत. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा, कुठल्याही जत्रेतल्या तंबूत तुमच्या आईनं, आजीनं पहिला सिनेमा कोणता पाहिला, तिकीट किती होतं, आणि घरी काय सांगून गेली होती, ते तिला विचारून ठेवा. गटाच्या मोबाइलवर तिच्याच आवाजात भरून पाठवा. घरी काय सांगून गेली होती, तेवढं मात्र गाळू नका.